एक्सएसएलटीत टाइप तपासताय? या चुका टाळा

‘मॅडम, फाइलमध्ये आकडा धडधडीत दिसतोय, तरी हे नाही म्हणतंय!’ असं म्हणत कुणी एक्सएसएलटीचा, म्हणजे एक्सएमएल फाइलींचं रूप बदलणाऱ्या भाषेचा, कोड दाखवत लॅपटॉप पुढे केला, की स्क्रीन न बघताच मी विचारते, टाइप तपासायला ‘इन्स्टन्स ऑफ’ लावलंस ना? लावलेलंच असतं.

अरे, तो आकडा तुला दिसतो, एक्सएसएलटी चालवणाऱ्या प्रोसेसरला नाही. स्कीमाने, म्हणजे टाइप ठरवणाऱ्या नियमांनी, व्हॅलिडेट न केलेल्या एक्सएमएलमधली किंमत ‘अनटाइप्ड अॅटॉमिक’, म्हणजे टाइप न ठरलेली, असते, आणि अॅट्रिब्यूट तसंच उचललं तर हातात किंमत नाही, नुसता नोड, म्हणजे फाइलचा तो तुकडा, येतो. ‘इन्स्टन्स ऑफ’ विचारतं, हा आत्ता इंटिजर, म्हणजे पूर्णांक, आहे का? आपल्याला विचारायचं असतं, याचा इंटिजर होईल का? त्यासाठी ‘कास्टेबल अॅज’ आहे.

एकदा एका पोराने बिलांच्या स्टाइलशीटमध्ये नग मोजताना हाच घोळ घातला. इंटिजर असेल तर संख्या घ्या, नाहीतर शून्य. एरर नाही, वॉर्निंग नाही. सगळ्या बिलांवर शून्य नग. रात्री अकरापर्यंत आम्ही बेरजेचं टेम्प्लेट उसवत बसलो. त्याचं म्हणणं, ‘मी टेस्ट केलं होतं.’ केलं होतंच, पण व्हेरिएबलमध्ये स्वतः १२ लिहून! कोडमध्ये थेट लिहिलेला तो आकडा जन्मतःच इंटिजर, मग पास होणारच. टेस्ट खऱ्या फाइलवर करायची, एवढा धीर कुणाला नसतो. आणि त्या ‘नाहीतर शून्य’ने तर चूक गिळूनच टाकली. मी तिथे ‘एक्सएसएल मेसेज’ला ‘टर्मिनेट यस’ लावते, म्हणजे संदेश देऊन काम तिथेच थांबतं. रन पडला तर पडू दे.

‘कास्टेबल’ही डोळे मिटून वापरू नका. आजूबाजूच्या स्पेस त्याला चालतात, पण ‘१,२०,०००’ मधला स्वल्पविराम चालत नाही. मी तो आधी ‘ट्रान्सलेट’ फंक्शनने काढते. रिकामा सिक्वेन्सही, म्हणजे किंमतच नसणंही, चालवायचं असेल तर टाइपच्या नावानंतर प्रश्नचिन्ह द्या. रिकाम्या स्ट्रिंगला मात्र त्याचा उपयोग नाही.

एकामागून एक अटी तपासणाऱ्या ‘चूज’मध्ये डेसिमल आधी तपासलं तर इंटिजर तिथेच अडकतो, कारण तो डेसिमलचाच उपप्रकार. इंटिजर वर ठेवा.

‘बूलियन’ फंक्शनला ‘फॉल्स’ ही स्ट्रिंग दिली तर उत्तर ट्रू. स्ट्रिंग रिकामी नाही, एवढंच ते बघतं. ‘एक्सएस बूलियन’ वापरा.

आणि एक्सएसएलटी-प्रॉक या प्रोसेसरवर ‘इन्स्टन्स ऑफ’ आणि ‘कास्टेबल अॅज’ शोधत बसू नका. ते एक्सएसएलटीच्या १.० आवृत्तीवर चालतं. हे ऑपरेटर २००७ च्या २.० सोबत आले. तिथे मी ‘नंबर’ फंक्शनचा निकाल त्याच्याशीच ताडून बघते: संख्या न झाल्यास मिळणारा नॅन (‘नॉट अ नंबर’) स्वतःशी कधी जुळत नाही.