फ्रिजचा सेन्सर बदलण्याआधी

फ्रिज दुरुस्तीत नव्याने आलेल्या मुलांचं एक ठरलेलं निदान असतं : ‘सेन्सर गेलाय.’ कूलिंग कमी? सेन्सर. कूलिंग जास्त? सेन्सर. पॅनेलवर काहीतरी लुकलुकतंय? मग तर सेन्सरच. या कामात बरीच वर्षं काढल्यावर माझं मत उलट झालंय. ज्या सेन्सरवर आळ येतो त्यांतले पुष्कळसे निर्दोष असतात. आत खरोखरच गरम असतं, सेन्सर ते इमानदारीने बोर्डाला, म्हणजे फ्रिज चालवणाऱ्या सर्किटला, कळवत असतो, आणि आपण निरोप्यालाच बदलून येतो. तक्रार चार दिवसांनी तशीच परत.

सगळ्यात आधी समोरचा फ्रिज कोणत्या जातीचा आहे ते बघा. आकडे असलेला गोल नॉब आणि त्यामागून निघालेली बारीक तांब्याची नळी दिसली, तर तो जुन्या पद्धतीचा थर्मोस्टॅट. नळीतला वायू गरम झाला की फुगतो, थंड झाला की आकसतो, आणि त्या दाबावर कॉम्प्रेसरचा संपर्क जुळतो-तुटतो. तिथे रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजून काही हाती लागत नाही. नॉब फिरवून कन्टिन्युइटी (संपर्क जुळतो-तुटतो का ते) मीटरने बघायची आणि नळी कुठे पिचलेली नाही ना ते तपासायचं, इतकंच. पुढचं सगळं इलेक्ट्रॉनिक बोर्डाच्या फ्रिजबद्दल आहे.

त्यातला सेन्सर म्हणजे एनटीसी थर्मिस्टर, तापमानाप्रमाणे रोध बदलणारा भाग. प्लॅस्टिकच्या छोट्या कुपीत मण्याएवढा तुकडा आणि दोन वायरी. उलट-सुलट कशाही जोडल्या तरी चालतात. थंडी वाढली की याचा रोध वाढतो, उष्णता वाढली की कमी होतो. (असा उलटा वागणारा पदार्थ मायकेल फॅरेडेच्या १८३३ सालीच लक्षात आला होता, सिल्व्हर सल्फाइडवर प्रयोग करताना. तेव्हा घरगुती फ्रिज कुणाच्या स्वप्नातही नव्हता.) बऱ्याच फ्रिजमध्ये २५ अंश सेल्सिअसला १० किलोओहम असलेला सेन्सर सापडतो. तोच शून्य अंशाला साधारण २७ ते ३३ किलोओहम दाखवतो आणि उणे १८ ला ७० ते ९० पर्यंत जातो. पण २५ अंशाला ५ किलोओहमचे आणि २.७ किलोओहमचेही सेन्सर सर्रास येतात. त्यामुळे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला तक्ता हाताशी नसेल तर मीटरवरच्या आकड्याला काडीचा अर्थ नाही. ‘दहा आला, म्हणजे बरोबर’ असं म्हणणारा टेक्निशियन बिघडून दहावर गेलेल्या ५ किलोओहमच्या सेन्सरला हमखास पास करून जातो.

आता बोर्ड काय करतो ते नीट समजून घ्या, कारण अर्धं निदान इथेच होतं. बोर्डावर एक ठरावीक रोधक असतो. तो आणि सेन्सर एका मालिकेत, वर बहुधा ५ व्होल्ट. दोघांच्या मधल्या बिंदूवर जो व्होल्टेज येतो तेवढाच बोर्डाला कळतो. तापमान त्याला कधीच दिसत नाही, तो ते व्होल्टेजवरून ताडतो. मग वायरीत किंवा कनेक्टरच्या पिनेत जो काही जास्तीचा रोध येईल तोही त्याच्या लेखी तापमानच.

वायर तुटली की रोध अनंत, म्हणजे बोर्डाच्या हिशेबी अशक्य थंडी. शॉर्ट झाली की अशक्य उष्णता. ही दोन टोकं बोर्ड स्वतः ओळखतो आणि एरर कोड देतो. कोड कंपनीप्रमाणे आणि मॉडेलप्रमाणे बदलतात, पाठ करत बसू नका. खरा त्रास देतो तो सेन्सर, जो मधेच कुठेतरी घसरलेला असतो. त्याला कोड येत नाही. पिना गंजून रोध वाढला, तर बोर्डाला आत आहे त्याहून जास्त थंड वाटतं, कॉम्प्रेसर लवकर थांबतो आणि दूध नासतं. कुपीत ओल शिरून रोध घटला, तर बोर्डाला गरम वाटतं, कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही आणि खालच्या कप्प्यातल्या बाटल्यांत बर्फ होतो. ही दिशा डोक्यात पक्की बसवा. ‘दूध टिकत नाही’ अशी तक्रार आहे आणि मीटरवर रोध तक्त्यापेक्षा कमी येतोय, तर तुमचं गणित जुळत नाहीये. दोष दुसरीकडे आहे.

मीटर काढण्याआधी थर्मामीटर काढा. ग्लासभर पाण्यात तो बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवायला सांगा. नुसत्या हवेतला आकडा दार उघडताच उडतो, पाण्यातला टिकतो. घरगुती वापराला फ्रिजच्या कप्प्यात ४ अंशांच्या आसपास आणि फ्रीझरमध्ये उणे १८ हे ठीक. हा आकडा पॅनेलशी ताडून बघायचा, पण सावध राहून, कारण कित्येक पॅनेल आतलं तापमान दाखवतच नाहीत, आपण सेट केलेलं दाखवतात. सर्व्हिस मोडमध्ये (दुरुस्तीसाठीच्या खास सेटिंगमध्ये) सेन्सरचं खरं वाचन दिसत असेल तर तेच घ्या. थर्मामीटर आणि ते वाचन जुळलं, तर सेन्सर निर्दोष सुटला. मग गास्केट (दाराचं रबर), आतला फॅन, डॅम्पर (थंड हवेची झडप), धुळीने भरलेला कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी नळ्यांची जाळी), हवेच्या जाळीला लावून ठेवलेली भांडी, या वाटेने जा. फ्रीझर कडक थंड आणि फ्रिजचा कप्पा कोमट असेल तर बहुतेक वेळा मागचं थंडावा देणारं कॉइल बर्फाने बुजलेलं असतं. तिथे डीफ्रॉस्टचा (साठलेला बर्फ वितळवणारा) हीटर, त्याचा फ्यूज आणि कॉइलवर क्लिप केलेला डीफ्रॉस्ट सेन्सर हे तिघे संशयित. कप्प्यातल्या सेन्सरचा संबंध नाही. तो बर्फ स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, अ‍ॅल्युमिनियमची नळी फुटायला एक टोचा पुरतो.

मोजायची वेळ आली की आधी प्लग काढा. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा बोर्ड असेल तर कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असू शकतो. काही मिनिटं थांबा, आणि तो उतरलाय हे मीटरने बघूनच हात घाला. आर ६००ए गॅसच्या फ्रिजमध्ये गळतीचा संशय असेल तर सोल्डरिंग आयर्न, ज्योत, ठिणगी काहीही आत नको. तो गॅस पेटतो.

सेन्सरचा कनेक्टर बोर्डातून उपटून वायरीच्या बाजूने मोजा. कनेक्टर लागलेला असताना मोजलंत तर बोर्डावरचे रोधकही समांतर येतात आणि आकडा खोटा पडतो. दोन्ही प्रोबची टोकं बोटांनी दाबून धरू नका, मोठ्या रोधाला शरीराचा रोध समांतर लागून वाचन खाली येतं. मग तोच आकडा सेन्सरच्या अगदी मुळाशी घ्या. दोन्हींत फरक आला तर दोष मधल्या वायरीत. दारात जाणारी वायर असेल तर बिजागरीपाशी बघा, दार उघडून-मिटून ती तिथेच आतून तुटते. मीटर लावून ठेवा, वायर हलवा, आकडा उडी मारतो का पाहा.

एका तापमानाला आकडा जुळला म्हणून सेन्सर चांगला ठरत नाही. बर्फाचा बारीक चुरा ग्लासात घ्या, फटी भरतील एवढंच पाणी घाला, ढवळा. हे मिश्रण शून्य अंशावर राहतं. पातळ पिशवीत हवा काढून गुंडाळलेला सेन्सर त्यात बुडवा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. नंतर तोच मुठीत धरा. आकडा सरसर पण सलग उतरला पाहिजे; मधेच अडखळला किंवा उसळला तर आत तडा आहे.

आणि माझी सगळ्यात आवडती युक्ती, जी शिकाऊ मुलांना फार उशिरा कळते. सेन्सरच्या जागी साधा रोधक लावा. १० किलोओहमचा सेन्सर असेल तर १० किलोओहमचाच. बोर्डाने २५ अंशांच्या जवळपास वाचलं तर बोर्ड ठीक. नाही वाचलं तर नवा सेन्सर आणून काही होणार नाही. या दोन मिनिटांच्या कामामुळे सेन्सर, वायर आणि बोर्ड एकमेकांपासून सुटे होतात. फक्त रोधक काढायचं विसरू नका, नाहीतर बोर्ड त्या कप्प्याला कायम २५ अंशच समजेल आणि कॉम्प्रेसर थांबणार नाही.

सेन्सर खरंच खराब निघाला तर त्याच मॉडेलचा घ्या. २५ अंशाला जुळणारा पण पुढे तक्ता वेगळा असलेला सेन्सर खोलीत बरोबर आणि फ्रीझरमध्ये चूक दाखवतो. जोड नुसत्या टेपवर सोडू नका. तिथे ओल येणारच. जेल भरलेले कनेक्टर वापरा, किंवा सोल्डर करून वर गोंद असलेली श्रिंक ट्यूब चढवा आणि जोडाआधी वायरीला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथून टपकून जाईल. जुना सेन्सर ज्या क्लिपमध्ये होता त्याच क्लिपमध्ये नवा बसला पाहिजे. कॉइलवरचा सेन्सर नळीला घट्ट चिकटलेला हवा. लोंबकळत राहिला तर तो हवेचं तापमान सांगेल आणि डीफ्रॉस्ट वेळेआधी किंवा उशिरा थांबेल.

प्लग लावल्यावर कोड गेला की काम झालं असं समजून निघू नका. पाण्यातला थर्मामीटर पुन्हा ठेवा आणि दुसऱ्या दिवशीचा आकडा मागवा. वहीत मॉडेल, खोलीतलं वाचन आणि बर्फातलं वाचन लिहून ठेवा. मॅन्युअल मिळत नसलेल्या मॉडेलला पुढच्या वेळी तोच तुमचा तक्ता.