लग्नात मेटॅलिक आय मेकअप करताय? या चुका टाळा

नथ, ठुशी, मुंडावळ्यांचे मोती, शालूची जर... मराठी नवरीच्या अंगावर झळाळी आधीच भरपूर असते. तिला साजेशी सोनेरी शॅडो डोळ्यांवर नीट बसली की चेहरा खुलून दिसतो. बिघडली, तर पंगती बसेपर्यंत पापणीच्या घडीत एक जाड रेघ उरते आणि बाकीची चमक गालावर येते. अशा वेळी सगळे शेडला नावं ठेवतात. माझ्या मते दोष बहुतेकदा आधीच्या तयारीत असतो.

घडीत रेघ का जमते?

पापणीवर क्रीम, त्यावर कन्सीलरचा जाड थर आणि लगेच शॅडो, हे त्याचं मुख्य कारण. क्रीम आधी पूर्ण मुरू द्या, जास्तीचं टिश्यूने टिपा. मग आय प्रायमर, म्हणजे शॅडो धरून ठेवणारा थर, अगदी पातळ लावा. घडीवर त्वचेच्या रंगाची मॅट शॅडो फिरवा आणि मेटॅलिक फक्त घडीच्या खाली, पापणीच्या फुगीर भागावर ठेवा. ऐन लग्नात रेघ जमलीच, तर वर पावडर थापू नका. स्वच्छ बोटाने ती रेघ हलकेच सपाट करा आणि तीच शेड थोडीशी दाबून लावा.

फुगीर ब्रशने फिरवणं

ही सर्रास होणारी चूक. मेटॅलिक शॅडोत अभ्रकाचे बारीक पापुद्रे असतात, त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइड किंवा लोहाच्या ऑक्साइडचा मुलामा असतो. ते त्वचेवर आडवे, सपाट बसले तरच प्रकाश परततो. ब्रश गोल फिरवला की ते विस्कटतात, चमक मंदावते आणि भुकटी गालावर पडते. म्हणून बोटाने किंवा चपट्या ब्रशने दाबून लावा. ब्रशवर सेटिंग स्प्रेचा हलका फवारा मारला तर रंग आणखी उठून येतो. ब्रश ओलागच्च मात्र नको. आणि डोळे आधी, फाउंडेशन नंतर. गालावर पडलेली भुकटी मग सहज पुसता येते.

शेड निवडताना

अंतरपाटाच्या वेळी पिवळी अष्टपुत्री आणि नंतर शालू, असा बेत बऱ्याच घरी असतो. मध्ये डोळे पुन्हा करायला वेळ मिळत नाही. दोन्हींवर चालेल असं जुन्या सोन्याच्या छटेचं, तांबूस किंवा ब्राँझ घ्या. गव्हाळ आणि सावळ्या रंगावर पांढरट चंदेरी शॅडो बऱ्याचदा राखेसारखी दिसते. शालूचं जरीकाम रुपेरी असेल तर शॅम्पेन, म्हणजे फिकट सोनेरी छटा बघा.

चमक भुवईपर्यंत चढवू नका, फ्लॅशमध्ये तिथे पांढरा डाग दिसतो. कानशिलाकडेही ओढू नका. मुंडावळ्यांचे सर तिथेच घासतात. ट्रायलला फोटो फ्लॅश लावून आणि उन्हात, दोन्ही प्रकारे काढा. मेकअप काही तास तसाच ठेवून पाहा.

होमाचा धूर आणि डोळ्यांतलं पाणी

लाजाहोमाला नवरी अग्नीच्या अगदी जवळ असते, धुराने डोळे पाणावतातच. पुढे पाठवणी आहेच. काजळ आणि मस्कारा वॉटरप्रूफ हवा, नाहीतर सोनेरी शॅडोवर काळे ओघळ येतात. पाणी आलं की पुसू नका. टिश्यूचं टोक डोळ्याच्या कोपऱ्याला नुसतं टेकवा, ते पाणी शोषून घेतं. करवलीच्या हातात चार टिश्यू देऊन ठेवा.

एका बाबतीत मात्र अजिबात तडजोड नको. हस्तकलेचं ग्लिटर डोळ्याला लावू नका. ते प्लास्टिकचे तुकडे असतात, कडा टोकदार असतात आणि बुबुळावर ओरखडा उठू शकतो. डोळ्यांसाठी असं स्पष्ट लिहिलेलंच ग्लिटर घ्या, तेही पापणीच्या आतल्या कडेपासून लांब ठेवा. लेन्स लावणाऱ्यांनी सुटं ग्लिटर टाळलेलंच बरं. लेन्स मेकअपच्या आधी घाला आणि काढताना मेकअपच्या आधीच काढा. ग्लिटरचा किंवा पापण्यांचा गोंद आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा, निदान दोन दिवस आधी.

रात्री कितीही दमलात तरी मेकअप तसाच ठेवून झोपू नका. ऑइल बेस्ड रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस मिटलेल्या डोळ्यावर थोडा वेळ धरा आणि अलगद खाली ओढा, रगडू नका. डोळ्यात टोचत राहिलं तर चोळू नका; स्वच्छ पाण्याने धुवा. सकाळीही लाली किंवा खुपणं असेल तर सत्यनारायणाच्या पूजेची गडबड असली तरी आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.