कस्टम पूल क्यू पारखताना आणि सांभाळताना या चुका टाळा

हाताने बनवलेल्या क्यूबाबत, म्हणजे पूल खेळायच्या काठीबाबत, सर्वांत मोठी चूक खरेदीपूर्वीच घडते. घेणारा बटवरील, म्हणजे क्यूच्या मागच्या जाड भागावरील, जडावकाम पाहतो आणि कारागिरीचा निवाडा तेवढ्यावरच करतो. न्यूयॉर्कमध्ये १९५९ पासून क्यू घडवणारे, जन्माने रशियन असलेले जॉर्ज बालाबुश्का (१९१२–१९७५) यांच्या क्यू संग्राहक आजही शोधत असतात, आणि त्यांतील कित्येक दिसायला अगदी साध्या आहेत.

नजर टाकायचीच असेल तर बटच्या पुढील भागातील टोकदार पट्ट्यांवर टाकावी. पारंपरिक पद्धतीत लाकडात व्ही आकाराच्या खाचा पाडून त्यांत दुसऱ्या लाकडाचे तुकडे आणि रंगीत व्हिनियरचे पातळ थर चिकटवतात व नंतर तो दांडा लेथवर (लाकूड फिरवून तासणाऱ्या यंत्रावर) उतरवतात; खाच किंचित खोल गेली किंवा दांडा केंद्रापासून जरासा ढळला, तरी टोके खालीवर होतात. सर्व टोके एकाच उंचीवर येणे हे म्हणूनच मला सर्वांत बोलके लक्षण वाटते. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्राने कोरलेल्या जागेत बसवलेल्या पट्ट्यांची टोके बहुधा किंचित गोलसर असतात. ते काम कमी प्रतीचे असतेच असे नाही, परंतु आपण पैसे कशाचे मोजतो आहोत, हे ठाऊक असावे.

दुसरी चूक म्हणजे केवळ वजन विचारणे. पूलच्या बहुतेक क्यू १८ ते २१ औंसांच्या असतात. हाताला जाणवतो तो तोल, आणि तो साधारणपणे मागील टोकापासून १८-१९ इंचांवर असतो. बटमध्ये जड बोल्ट घातला की हा तोल मागे सरकतो आणि तीच क्यू परकी वाटू लागते. आपल्याकडील अनेक खेळाडू स्नूकरच्या अ‍ॅश लाकडाच्या, साडेनऊ-दहा मिलिमीटर टिपच्या (चेंडूला लागणाऱ्या चामडी टोकाच्या) क्यूवरून इकडे येतात आणि मेपलचा तेरा मिलिमीटरचा शाफ्ट (क्यूचा पुढचा निमुळता भाग) लगेच बारीक करून घेतात. ही घाई करू नये, कारण काढलेले लाकूड परत येत नाही आणि बारीक शाफ्ट अधिक लवचीक होतो.

फटक्यासोबत खुळखुळ ऐकू आली तर लगेच जॉइंटला, म्हणजे बट आणि शाफ्टच्या सांध्याला, दोष देऊ नये. आधी सांधा नीट आवळावा, मग बटच्या टोकाचा रबरी बंपर व वजनाचा बोल्ट तपासावा, त्यानंतर टिप सुटली आहे का आणि फेरूलला (टिपखालच्या कड्याला) तडा आहे का, ते पाहावे. टेबलावर घरंगळवताना क्यू डुगडुगली, तर बट आणि शाफ्ट वेगवेगळे घरंगळवावेत; दोन्ही सरळ असतील तर सांध्याच्या तोंडावर चिकटलेली खडूची पूडही कारण असू शकते.

खडूने निळसर झालेल्या शाफ्टवर सँडपेपर कधीही चालवू नये. घट्ट पिळलेल्या ओल्या कापडाने पुसून, लगेच कोरडा करून, चामड्याच्या तुकड्याने तो गरम लागेपर्यंत घासावा.

चांगला कारागीर शाफ्ट एकदम न उतरवता टप्प्याटप्प्याने, मध्ये लाकडाला विसावा देत उतरवतो, कारण लाकूड हवेतील ओलाव्याबरोबर हलते. कोकण किनाऱ्यावरील पावसाळ्यात आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीत हीच मेहनत वाया जाते. क्यू भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नये; दोन्ही भाग वेगळे करून, सांध्यांवर टोपणे लावून कडक पेटीत ठेवावेत.