बाथरूमचा एक्झॉस्ट बंद पडलाय? स्टुलावर चढायच्या आधीची तयारी

एक्झॉस्ट बंद पडला की घरातलं कोणीतरी बटण दहा वेळा खालीवर करतं, मग दुसरं कोणीतरी येऊन तेच करतं, आणि शेवटी "गेला वाटतं, रविवारी नवा आणू" म्हणून विषय मिटतो. आमच्याकडे नाशिकला पाथर्डी फाट्याला दोन वर्षांपूर्वी अस्संच झालं, नवा आणला, बसवला, तर तोही ढिम्म, कारण गेलेलं बटण होतं आणि जुना चांगला फॅन तोवर भंगारात गेलेला. तेव्हापासून मी आधी खालची तयारी पूर्ण करते आणि मगच वर चढते.

आधी वेळ ठरवा. सगळ्यांच्या अंघोळी उरकल्यावर, फरशी वायपर मारून खडखडीत कोरडी झाल्यावर, दिवसाउजेडी. लाईट बंद करून काम करायचंय म्हणजे बाथरूममध्ये अंधारच असणार, त्यामुळे डोक्याला लावायची टॉर्च मिळाली तर बघा, मोबाईलचा टॉर्च एका हातात धरून दुसऱ्या हाताने स्क्रू काढायला गेलं की मोबाईल बादलीत पडतो, अनुभव आहे. चढायला घोडा किंवा लोखंडी स्टूल, आणि खाली धरायला एक माणूस. कमोडच्या झाकणावर उभं राहायचं नाही, पालथ्या बादलीवर तर नाहीच नाही.

लाईट बंद म्हणजे नुसतं बटण बंद करणं नव्हे हां. जुन्या वायरिंगमध्ये कधीकधी बटण न्यूट्रलवर (परतीच्या वायरवर) बसवलेलं असतं, मग बटण बंद असलं तरी फॅनपर्यंत फेज (करंट आणणारी वायर) आलेलीच असते. एमसीबी पाडा, बाजूला गिझर असेल तर त्याचाही पाडा (पाइप गरम असतो, कोपर लागतंच), कुठला एमसीबी कशाचा ते माहीत नसेल तर सरळ मेन पाडा. आणि घरात सगळ्यांना ओरडून सांगा, शिवाय डीबीवर (एमसीबीच्या पेटीवर) टेपने चिठ्ठी चिकटवा. हे चिठ्ठीचं हसण्यावारी नेऊ नका, आमच्या सासूबाईंनी एकदा फ्रिज बंद दिसला म्हणून सगळे एमसीबी भराभर वर केले होते आणि मी तेव्हा स्टुलावर होते. वायरला हात लागायच्या आत मी खाली उतरले, पण त्या दिवशी परत काही वर चढले नाही.

सामान सगळं एका परातीत किंवा टबात काढून ठेवा, नाहीतर दर दोन मिनिटांनी उतरावं लागतं. टेस्टर, आणि तो आधी चालू सॉकेटमध्ये घालून पेटतोय ना बघायचा, कारण बिघडलेला टेस्टर वायरला लावला तर "लाईट नाहीये" असंच वाटणार. स्टार आणि चपटा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, काळी टेप, जुना टूथब्रश, रंगाचा ब्रश, चिंध्या, खाली अंथरायला पेपर, स्क्रू टाकायला श्रीखंडाचा रिकामा डबा, तोंडाला मास्क. आणि शिलाई मशीनचं तेल. खोबरेल तेल नको, नाशिकच्या थंडीत बाटलीतलं खोबरेल गोठून पांढरं होतं ते आपण दर डिसेंबरात बघतो, तेच फॅनच्या बुशमध्ये (दांडा ज्यात फिरतो त्या कडीत) झालं की सकाळी फॅन नुसता घूं घूं करत बसतो. गंज सोडवायचा स्प्रे असतो ना, तोही फक्त सोडवण्यापुरता, वंगण म्हणून टिकत नाही.

आता वर चढायच्या आणि एमसीबी पाडायच्या आधी खालूनच कान देऊन ऐका, अर्धा निकाल इथेच लागतो. बटण चालू केल्यावर अजिबात आवाज नाही, म्हणजे एकतर लाईट पोचत नाहीये (बटण, सुटलेली वायर, पडलेला एमसीबी), नाहीतर मोटरचं वाइंडिंग (आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी) तुटलंय. घूं आवाज येतोय पण पातं हलत नाही, म्हणजे लाईट पोचतेय आणि फॅन कुठेतरी अडकलाय, बुश सुकलाय किंवा कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला मदत करणारा छोटा भाग) गेलाय, आणि अशा वेळी बटण तसंच चालू ठेवायचं नाही, मोटर तापून जळते. हळू फिरतोय तर बहुतेक मळ. आणि चालू करताच घरातली लाईटच जातेय, म्हणजे आरसीसीबी (करंट लीक झाला की आपोआप पडणारा स्विच) पडतोय, तर ओल शिरून करंट लीक होतोय असं समजा आणि वायरमनला बोलवा, तिथे हात घालायचा नाही. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात त्र्यंबकच्या बाजूने झोडपणारा पाऊस पश्चिमेच्या खिडकीतून थेट फॅनवर येतो, तेव्हाच्या तक्रारी बऱ्याचदा ह्यातल्याच असतात.

एक गंमत वायरमन लोकांकडून शिकले. टेस्टर फॅनच्या दोन्ही वायरींवर पेटला तर लोक म्हणतात दोन फेज आल्या, पण असं असतं की न्यूट्रल कुठेतरी तुटलाय आणि फेजच वाइंडिंगमधून फिरून पलीकडे येतेय. म्हणून ते होल्डर-बल्ब लावून बघतात, बल्ब नीट पेटला की फेज-न्यूट्रल दोन्ही ठीक. हे चालू लाइटीवरचं काम आहे, आपण नाही करायचं, पण "न्यूट्रल बघा हो दादा" एवढं फोनवर सांगता आलं तरी त्याची एक चक्कर वाचते.

आता एमसीबी पाडून मग चढा. वायरी टेस्टरने तपासून घ्या, मोबाईलवर जोडणीचा फोटो काढा (काढा म्हणजे काढाच, नंतर काळी कुठली आणि लाल कुठली ह्यावर घरात वाद होतो, आणि जुन्या घरात रंगांवर भरवसा नसतोच). मग पातं बोटाने फिरवून बघा. सैल फिरून हळूहळू थांबलं तर मोटर मोकळी आहे. जड लागलं तर दांड्याकडे नीट बघा. आमच्या फॅनच्या दांड्याला केस गुंडाळले गेले होते, त्यावर टाल्कम पावडर आणि वाफ बसून बसून राखाडी नमद्यासारखी वळी झाली होती, ब्लेडने चिरून काढावी लागली. काढल्यावर पातं एका बोटाने गरागरा.

आणि कबुतरं! बाहेरचं शटर तुटलेलं असलं की घरटं ठरलेलंच. आमच्या घरट्यात खराट्याच्या काड्या, दोन पिसं आणि चक्क हातभर केबलचा तुकडा निघाला. सुकलेली विष्ठा तशीच झाडायची नाही, तिची धूळ छातीत जाते, आधी फवाऱ्याने ओली करायची, मास्क लावायचा आणि ओल्या पेपरात गुंडाळून टाकायची. फवारा घरट्यावर, मोटरवर नाही. आत अंडी किंवा पिल्लं असतील तर थांबा की, पिल्लं साधारण महिनाभरात उडून जातात, अंडी असतील तर दीड-पावणेदोन महिने धरा, तोवर खिडकीवर भागवा.

पातं आणि जाळी काढून भांड्याच्या लिक्विडमध्ये कोमट पाण्यात भिजवा, ॲसिड अजिबात नको, मोटरला मात्र फक्त कोरडा ब्रश. पुढे बुशपाशी तेलाचे दोन थेंब, जास्त नाही, जास्त घातलं की धूळ धरते. तरी घूं करून थांबतोय तर लाईट बंद असताना बघा की कपॅसिटर आहे का. ६ इंची प्लॅस्टिकच्या छोट्या फॅनला बऱ्याचदा नसतोच, ९ आणि १२ इंची पत्र्याच्या फॅनला असतो. दुकानात जाताना जुना सोबत न्या, त्यावर २.५ (मायक्रोफॅरड) लिहिलं असेल तर २.५ च घ्या, "जास्तीचा घाला, जोरात फिरेल" असं कोणी म्हणालं तरी ऐकू नका. काढताना त्याच्या दोन्ही टोकांना बोट लावायचं नाही, त्यात चार्ज उरलेला असतो.

एवढं करून मोटर जळालेलीच निघाली, जळका वास आला किंवा तांबं काळं पडलेलं दिसलं, तर छोटा फॅन रिवाइंड करण्यात अर्थ नाही, नवा घ्या. पण मेनरोडच्या दुकानात जायच्या आधी मोजायच्या टेपने फॅन बसतो ते भोक मोजा, पातं नाही. ६ इंच म्हणजे १५० मिमी, ८ इंच म्हणजे २०० मिमी हे पात्याचं माप, भोक त्याहून मोठं लागतं आणि कंपनीगणिक थोडं वेगळं असतं. फॅन खिडकीच्या काचेच्या जागी ॲक्रिलिक शीटवर बसवलेला असेल तर शीटची जाडीही बघा, पातळ शीट थरथरते आणि लोक फॅनला शिव्या घालतात.

सगळं जोडून, हात कोरडे करून, चिठ्ठी काढून मग एमसीबी वर. टिश्यूचा तुकडा जाळीला लावून बघा, चिकटून राहिला तर हवा खेचतेय. उलटा उडाला तर फॅन उलटा बसलाय आणि बाहेरचा वास घरात येणार. फॅन जोरात फिरतोय पण टिश्यू खाली पडतोय तर दार थोडं उघडून टिश्यू परत लावून बघा. आमच्या प्लॅस्टिकच्या दाराला खाली रबराची पट्टी मारलेली होती, पाणी बाहेर येऊ नये म्हणून, त्यामुळे आत हवा यायला वाटच नव्हती. पट्टी बोटभर कापली आणि टिश्यू चिकटला.