कुड्याच्या सालीचा गुण पारखताना
कोकणात जुलाब आणि आव यांवर कुड्याची साल पूर्वापार वापरली जाते. मात्र तिचा गुण पारखण्याआधी झाड पारखावे. औषधात वापरतात त्या पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी सुट्या असतात, तर काळ्या कुड्याच्या शेंगांची टोके जुळलेली असतात. ही खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण चुकीच्या सालीवरून काढलेला निष्कर्ष निरुपयोगीच ठरतो. सालीच्या काढ्याची मात्रा वैद्यांकडून ठरवून घ्यावी, त्या दिवसांत दुसरा काढा घेऊ नये आणि शौचाची वेळ, संख्या व पोटातील कळ रोज वहीत लिहावी. साधे जुलाब बहुधा आपोआपही थांबतात, हे विसरू नये. जलसंजीवनी चालूच ठेवावी. रक्त पडले, ताप आला किंवा लघवी कमी झाली, तर काढा थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावे. लहान मुले व गरोदर स्त्रिया यांच्यावर हा प्रयोग करूच नये.