घडीचा चाकू खोलायचा तर

घडीच्या चाकूत बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. एक पातं, ते ज्यावर फिरतं तो पिव्हट, दोन वॉशर, एक स्टॉप पिन (पातं जिला टेकून थांबतं ती खुंटी) आणि उघडं पातं धरून ठेवणारा लॉक. खोलताना तो नासतो बहुधा पहिल्याच पेचावर. आणि आत वाचण्यासारखं जे असतं, ते पहिल्याच फडक्यानं पुसलं जातं. या दोन जागा सांभाळल्या तर बाकीचं काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे.

आधी पेच आहेत की रिव्हेट ते पाहा. मुठीवर षटकोनी किंवा ताऱ्यासारखी खाच असलेली डोकी दिसली तर चाकू खोलता येतो. गुळगुळीत, ठोकून पसरवलेली डोकी असतील तर तिथेच थांबा. व्हिक्टोरिनॉक्सच्या लाल मुठीच्या चाकूत सगळे थर पितळी रिव्हेटांनी दाबून बसवलेले असतात. त्याच्या वरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या निघतात, बाकी काही नाही. ओपिनेलचं फिरणारं कडं निघतं, पण पातं रिव्हेटवरच असतं. असे चाकू न खोलताच साबणाच्या कोमट पाण्यात उघडझाप करून धुवावेत आणि लगेच कोरडे करावेत. बटण दाबताच उघडणारे किंवा स्प्रिंगची मदत असलेले चाकू पहिल्या प्रयत्नासाठी घेऊ नका, कारण ताणलेली स्प्रिंग झाकण उचलताच उडते. बॅक लॉक, म्हणजे मुठीच्या पाठीवर दांडी असलेला लॉकही नको. तो खोलता येतो, पण परत जोडताना पाठीमागची दांडी दाबून धरत पिन बसवावी लागते आणि त्याला तिसरा हात लागतो. शिकायला लायनर लॉक, म्हणजे मुठीच्या आतल्या पत्र्यानं पातं अडवणारा, उत्तम. चाकू नवा असेल तर वॉरंटीचा कागद वाचून घ्या, खोलला की बऱ्याच कंपन्या हात वर करतात.

हत्यारं थोडी लागतात, पण चांगली लागतात. मुठीचे आणि खिशाला अडकवायच्या क्लिपचे पेच बहुतेक टी-६ टॉर्क्सचे (ताऱ्यासारख्या खाचेचे) असतात, पिव्हट टी-८ किंवा टी-१०. इंदूरमध्ये जेल रोडच्या मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानांत हे बिट सुटे मिळतात. मऊ पोलादाचा स्वस्त संच घेऊ नका. त्याचे कोपरे वळतात आणि पेचाची खाचही सोबत घेऊन जातात. बिट खाचेत बसवून हलवून पाहा. जराही डुगडुगला तर तो माप चुकलेला आहे. टी-८ चे पिव्हट दोन्ही बाजूंनी खाचेचे असतील तर दोन पेचकस हवेत, नाही तर एक बाजू फिरवली की दुसरीही फिरत राहते. याशिवाय पांढरं सुती कापड, चुंबक, चिमटा, कागदी टेप आणि फोटोसाठी फोन. पात्याच्या धारेवर टेपचे दोन थर चिकटवल्याशिवाय एकही पेच हलवायचा नाही. सुटं पातं नेहमी हातातच निसटतं.

आता पेच. कारखान्यात बहुतेक पेचांना निळा थ्रेडलॉकर, म्हणजे पेच सैल होऊ नये म्हणूनचा गोंद, लावलेला असतो. चाकू पाटावर टेकवा, बिट सरळ उभा धरा, जोराचा बहुतांश भाग खाली दाबण्यात आणि थोडाच फिरवण्यात घाला. पेच हलला नाही तर जोर वाढवू नका, उष्णता द्या. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नचं टोक पेचाच्या डोक्यावर वीस-तीस सेकंद टेकवलं की निळा थ्रेडलॉकर मऊ होतो. लाल प्रकार मात्र २५० अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय ऐकत नाही. मूठ नायलॉनची असेल तर ही उष्णता जपून, ती वितळते. जी-टेनची (काचेच्या धाग्यांच्या कडक थरांची) मूठ तुलनेनं सहन करते. खाच झिजलीच असेल तर एक आकार मोठा बिट हलक्या हातोडीनं ठोकून बसवा आणि एकदाच काढा. तो पेच परत वापरू नका.

क्रम असा: आधी क्लिप, मग मुठीचे पेच, शेवटी पिव्हट. मुठीचे पेच एकेक करून पूर्ण काढू नका. सगळे आधी पाव-पाव फेरी सैल करा, म्हणजे मूठ एका बाजूला ताणली जात नाही. निघालेला प्रत्येक पेच कापडावर चाकूच्या आकारातच, ज्या जागेचा त्या जागी ठेवा. क्लिपचे पेच आखूड असतात, मुठीचे लांब. लांब पेच क्लिपच्या भोकात गेला तर त्याचं टोक आत डोकावतं आणि पात्याला ओरखडतं. ‘जोडल्यावर पातं जड झालं’ या तक्रारीमागे अनेकदा हेच निघतं.

पेचांची डोकी असलेली बाजू वर ठेवून ती सरळ उचला. अडली तर नखानं चारही बाजूंनी थोडी-थोडी. वॉशर पात्याला चिकटलेले असतील किंवा मुठीला, ते जसे असतील तसा फोटो घ्या. वॉशरऐवजी बेअरिंग असेल तर सुमारे दीड मिलिमीटरचे छर्रे पिंजऱ्यात असतात, पण जुन्या पिंजऱ्यातून ते गळतात आणि फरशीवरून थेट कपाटाखाली जातात. स्टॉप पिन बऱ्याचदा नुसतीच भोकात उभी असते. चाकू उलटा केला की पडते.

आता हात आखडा. फडकं लांब ठेवा.

लायनर म्हणजे मुठीच्या आतला पत्रा. त्याचाच एक लांब तुकडा चिरून आत वाकवलेला असतो. पातं पूर्ण उघडलं की तो सरकून पात्याच्या बुडामागे (मुठीतल्या टोकामागे) अडकतो. बुडाची मागची कड किंचित तिरकी घासलेली असते, त्यामुळे झीज झाली की लायनर थोडा पुढे सरकून तीच झीज भरून काढतो. नव्या चाकूत त्यानं बुडाची साधारण पाव ते निम्मी जाडी पकडलेली असावी. घासाची चमक पलीकडच्या कडेपर्यंत पोचली असेल तर लॉकचं आयुष्य संपत आलंय. चमक एकाच कोपऱ्यात असेल तर लॉक पूर्ण टेकत नाही आणि पातं वर-खाली हलणार.

लायनरवर एक बारीक गोळी दिसेल, डिटेंट. मिटलेलं पातं खिशात उघडू नये म्हणून ती बुडातल्या खळग्यात बसते. उघडताना ती बुडावरून घसरत जाते आणि कमानीसारखी पातळ रेघ उमटवते. ही रेघ म्हणजे बिघाड नव्हे. ती खोल चरासारखी झाली असेल तर आत धूळ होती. वॉशर काशाचे असतील तर त्यांच्यावरचा काळा लेपही नैसर्गिक आहे, पण झीज एकाच बाजूला असेल तर मूठ वाकडी आवळली गेली होती.

हे सगळं पाहून झालं की मग पुसा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस पुरेसा. प्लास्टिक असेल तिथे अॅसिटोन नको. इंदूरकरांचं एक खास दुखणं इथे येतं. जवळच्या पातालपाणी-चोरलच्या सहलीत पेरूवर जिरावण, म्हणजे इथला खारट-आंबट मसाला, भुरभुरून कापलं आणि चाकू तसाच मिटला की मीठ आणि आंबटपणा थेट पिव्हटमध्ये जातो. पावसाळ्यात त्यातून बुडावर काळे खड्डे पडतात. गंजरोधक म्हणवणारं पोलादही यातून सुटत नाही.

तेल शिवणयंत्राचं, दर वॉशरला सुईच्या टोकाएवढं. फळं कापायचा चाकू असेल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन. सोयाबीन किंवा शेंगदाण्याचं तेल काही आठवड्यांत चिकट होतं. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं, म्हणजे इथल्या हिवाळ्यात चाकू सकाळी अडतो. जास्त तेल घातलं तर फक्त धूळ गोळा होते.

जोडताना उलट क्रम. सगळे पेच आधी बोटांनीच लावा. निळ्या थ्रेडलॉकरचा ठिपका फक्त पेचाच्या आट्यांवर, वॉशरकडे नाही. तिथे गेला तर पातंच चिकटतं. पिव्हट एक अष्टमांश फेरीनं आवळत पातं बाजूला हलणं थांबेपर्यंत जा. मुठीचे पेच नंतर. मिटलेलं पातं मधोमध बसत नसेल तर मुठीचे पेच सैल करून मूठ हलकी पिळून धरा आणि तशीच आवळा. पिव्हट पिळून पातं मध्ये आणायचा मोह होतो, पण त्यानं वॉशर दबतात. लायनर मात्र कधीही बोटांनी वाकवून ‘सुधारू’ नका.

लॉकची परीक्षा: पातं उघडून त्याची पाठ लाकडी पाटावर हलकी दाबा, बोटं पात्याच्या वाटेतून बाहेर. लॉक सुटलं तर तो चाकू वापरातून काढा. टिकलं तरी थ्रेडलॉकर पूर्ण घट्ट व्हायला २४ तास लागतात, तोवर त्यानं काही कापू नका.