ओहोटीत मुंबईच्या खडकांवर कसं फिरावं

वांद्र्याचा बँडस्टँड, कार्टर रोड, हाजी अलीच्या आसपासचे खडक सगळ्यांनी पाहिलेले असतात, पण कठड्यावरून. मोठ्या ओहोटीला त्याच खडकांत उतरलं की डबक्याडबक्यांत समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी), शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे, समुद्री गोगलगाई दिसतात. नशीब असेल तर एखादा छोटा ऑक्टोपसही. मुंबईत जिवंत प्रवाळ आहे म्हटलं की लोक विश्वास ठेवत नाहीत. किनारी रस्त्याच्या कामात २०२० साली हाजी अली आणि वरळीचं प्रवाळ उचलून दुसरीकडे लावावं लागलं होतं, म्हणजे ते होतंच की!

बूट मागून-पुढून बंद आणि पकड असलेले हवेत. चप्पल नको, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. पाणी, टोपी, सोबत एक माणूस. पावसाळ्यात जायचं नाही.

आता वेळेचं. इथेच बहुतेकांचं चुकतं आणि माझंही चुकलं होतं. जो तो सांगतो, "पहाटे जा, गर्दी नसते." गर्दीचा इथे काय संबंध? समुद्र किती मागे जाणार, एवढंच बघायचं.

आपल्याकडचा जुना हिशोब चांगला आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. द्वितीयेला दीड, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यापुढे साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस निवडायला पुरतो. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी धड चढत नाही की उतरत नाही. आपल्याला उधाणाचे दिवस हवेत, पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे दोन-तीन दिवस.

या हिशोबावर विसंबून मी एकदा डिसेंबरात द्वितीयेला सकाळी साडेसातला मावशीला आणि तिच्या नातवंडांना घेऊन कार्टर रोडला गेले. तिथी बरोबर, वेळ बरोबर, आणि पाणी जागचं हललेलं नाही! वरचे चार कोरडे खडक पाहून मुलं हिरमुसली. टोपली घेऊन चाललेली एक कोळीण थांबून म्हणाली, "थंडीत सकालचं पानी कमी हटतं, बाय. सांजचं बघ."

तिचं बोलणं भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहिलं, तंतोतंत खरं निघालं. दिवसात ओहोट्या दोन, पण दोन्ही सारख्या खोल नसतात. उधाणाच्या दिवसांत मे-जूनमध्ये सकाळची ओहोटी खोल जाते, डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळची. त्याच दिवशीची दुसरी ओहोटी मीटर-दीड मीटरवरच थांबते आणि पाहण्यासारखं सगळं पाण्याखाली राहतं. म्हणून तक्त्यात वेळेच्या शेजारचा मीटरचा आकडा, म्हणजे पाणी किती उंचीपर्यंत उतरणार तो, वाचल्याशिवाय घरातून निघू नका. अर्धा मीटर किंवा त्याहून कमी असेल तर जा. एक मीटरच्या वर असेल तर झोपा, दुसरा दिवस शोधा. थंडीत अंधार लवकर पडतो, तेव्हा चतुर्दशी-पौर्णिमा गाठा, ओहोटी पाचच्या सुमारास मिळते. मे महिन्यात प्रतिपदा-द्वितीया, सकाळी सात ते पावणेआठ.

ओहोटीच्या वेळेला पोचायचं नसतं, सव्वा तास आधी उतरायचं आणि हटणाऱ्या पाण्यामागे चालत जायचं. तक्त्यातली वेळ झाली की मागे वळा, कितीही छान काही दिसत असलं तरी. पहिल्या तासात पाणी संथ चढतं आणि माणूस गाफील राहतो. तिसऱ्या-चौथ्या तासात मुंबईच्या मोठ्या उधाणाला ते तासाला मीटरभर वर येतं. ते समोरून येईल या भ्रमात राहू नका. खडकांमधल्या घळींतून आधी तुमच्या पाठीमागे भरतं. मी एकदा कमरेएवढ्या पाण्यातून कठड्याकडे आले आहे. मुलं सोबत असती तर काय झालं असतं, हा विचार अजून जात नाही.

पाय कोरड्या काळ्या खडकावर टाका, हिरव्या शेवाळावर नाही. शंकूच्या आकाराचा शंख उचलू नका, काही जातींचा दंश विषारी असतो. वाळूच्या उथळ पाण्यात पाय घासत चाला, म्हणजे पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) बाजूला सरकते. २०१३ च्या विसर्जनात गिरगाव चौपाटीवर कितीतरी भाविकांना पाकटांनी दंश केला होता. दंश झालाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरा आणि दवाखाना गाठा. दगड उलटा केलात तर होता तसाच परत ठेवा, खालच्या जिवांचं ते छप्पर आहे. प्रवाळाला कायद्याचं संरक्षण आहे, त्यावर पायही पडू देऊ नका.

मग एक डबकं निवडा आणि दहा मिनिटं उकिडवे बसा. तुमची सावली पडली की समुद्रफूल मिटून चिकट गोळा होतं, रिकामे वाटणारे शंख गप्प पडून राहतात. तुम्ही हलला नाहीत तर आधी एका शंखातून दोन मिशा बाहेर येतात, मग पाय, आणि शंख चालायला लागतो.